१२ किलो साल, अर्धा ग्रॅम टॅक्सॉल : नंदुरबारचे मनसुख वाणी आणि शुद्धीकरणाचा इतिहास

नैसर्गिक उत्पादनांवर पीएचडी करायची म्हटली की सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास येतं : 'अमुक वनस्पतीच्या अर्कातून प्रेपरेटिव्ह एचपीएलसीने क्रियाशील घटक वेगळा केला जाईल.' वाक्य एका ओळीचं, काम दोन वर्षांचं. आणि त्या ओळीत सगळा भर मशीनवर. मशीन नसताना हे काम कसं व्हायचं ते बघितलं, तर मशीनकडे नक्की काय मागायचं ते कळतं. त्यासाठी आपल्याच भागातल्या माणसाचं उदाहरण आहे.

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ चा, नंदुरबारचा. नंदुरबार तेव्हा पश्चिम खान्देशात, म्हणजे पुढच्या धुळे जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा झाला तो १९९८ मध्ये. मुंबई विद्यापीठातून १९५० साली एम.एस्सी., मग मुंबईत काही वर्षं शिकवणं, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात पीएचडी. ती पूर्ण झाली १९६२ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी. (उशीर झाला म्हणून हळहळणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.) त्याच वर्षी ते नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याकडे रुजू झाले. या जोडीने वनस्पतींतून दोन रेणू वेगळे केले, कॅम्प्टोथेसिन आणि टॅक्सॉल. दोघांतून पुढे कॅन्सरची औषधं निघाली.

अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचा तेव्हा मोठा कार्यक्रम चालू होता : झाडं गोळा करायची, अर्क काढायचे, कॅन्सरच्या पेशींवर आणि उंदरांवर तपासायचे. ऑगस्ट १९६२ मध्ये आर्थर बार्क्ले या वनस्पतीशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू या झाडाचे नमुने आणले. १९६४ मध्ये दिसलं की त्याचा अर्क पेशी मारतो. वॉल यांनी असले पेशी मारणारे अर्क मुद्दाम मागून घेतले होते. त्यात हा आला.

आता पेच बघा. अर्कात शेकडो पदार्थ. त्यातला कामाचा कोणता? त्याची रचना माहीत नाही, रंग माहीत नाही, यूव्हीत कुठे दिसेल तेही माहीत नाही. माहीत एवढंच की तो ट्यूमरची वाढ रोखतो. म्हणजे डिटेक्टर कोण? प्राणी. प्रत्येक टप्प्यावर अर्काचे भाग करायचे, ते चाचणीला द्यायचे, उत्तराची वाट बघायची आणि ज्या भागात गुण उतरला तोच पुढे न्यायचा. बाकीचा बाजूला, मग तो दिसायला कितीही सुंदर पिवळाधमक असो. आज याला आपण 'बायोअ‍ॅक्टिव्हिटी-गायडेड फ्रॅक्शनेशन' म्हणतो आणि व्हायव्हाला पाठ करून जातो. त्यांना प्रत्येक 'गायडेड' साठी थांबावं लागायचं.

भाग करायचे कसे? इथे एक यंत्र येतं, जे आज बहुतेक विद्यार्थ्यांनी पाहिलेलंही नसतं : क्रेग काउंटरकरंट. रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या लायमन क्रेग यांनी १९४० च्या दशकात ते बनवलं. काचेच्या नळ्यांची लांब रांग. प्रत्येक नळीत एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव, म्हणजे आपल्या सेपरेटिंग फनेलचाच प्रकार. हलवा, थर बसू द्या, वरचा थर पुढच्या नळीत ढकला. पुन्हा हलवा. वरच्या थरात जास्त रमणारा पदार्थ पुढे सरकतो, खालच्या थरात रमणारा मागे राहतो.

थोडं गणित करू, कारण सगळं मर्म त्यात आहे. समजा दोन पदार्थ आहेत. पहिला दोन्ही थरांत सारखा वाटला जातो, ५० टक्के वर, ५० टक्के खाली. दुसरा ६० टक्के वर असतो. फरक किरकोळ. १०० वेळा ढकलल्यावर पहिल्याचा ढीग ५० व्या नळीभोवती असतो, दुसऱ्याचा ६० व्या. पण प्रत्येक ढीग दोन्ही बाजूंना साधारण दहा-दहा नळ्या पसरलेला, म्हणजे दोघे एकमेकांत घुसलेले. आता ४०० वेळा ढकला. ढीग आले २०० आणि २४० वर. पसारा मात्र दोन्हीकडे फक्त वीस-वीस नळ्यांचा. जवळजवळ सुटले! अंतर चौपट झालं, पसारा दुप्पटच. टप्पे वाढवले की अंतर टप्प्यांच्या प्रमाणात वाढतं, पसारा त्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. एचपीएलसीच्या पुस्तकात 'थिअरेटिकल प्लेट्स' म्हणून जे येतं ते मुळात हेच. मार्टिन आणि सिंज यांनी १९४१ मध्ये एक द्रव सिलिकाच्या कणांवर थोपवून धरला आणि दुसरा त्यावरून वाहवला, तेव्हा ही हजारो नळ्यांची रांग एका कॉलमात बसली. १९५२ चं नोबेल त्याबद्दलच.

कॅम्प्टोथेसिनच्या वेळी वॉल आणि वाणी यांनी आधी क्रेग वापरलं, मग सिलिका कॉलम, शेवटी क्रिस्टलायझेशन. १९६६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. टॅक्सॉलचा मुख्य भार क्रेगवरच होता, एकामागून एक. सुरुवात १२ किलो वाळलेल्या सालीपासून, शेवटी हातात सुमारे अर्धा ग्रॅम. म्हणजे ०.००४ टक्के. क्रेगचा एक गुण आज आपण विसरलोय : त्यात घन भराव नसतो, त्यामुळे काही चिकटून बसत नाही; टाकलेलं सगळं परत मिळतं. टॅक्सॉलची एक साखळी एस्टर बंधाने लटकलेली आहे आणि सौम्य बेसनेही ती तुटते. असा रेणू बेसिक अल्युमिनावर रात्रभर ठेवला तर सकाळी काय मिळेल याची कल्पना करा.

ती साखळी त्यांनी पुढे मुद्दाम तोडली. अख्ख्या टॅक्सॉलचे एक्स-रेला चालतील असे स्फटिक मिळेनात, म्हणून तुकडे करून त्यांची संयुगं बनवली आणि ड्यूक विद्यापीठाच्या अँड्र्यू मॅकफेल यांनी त्यांचे एक्स-रे काढले. १९७१ मध्ये रचना छापून आली.

आणि मग बराच काळ शांतता. सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं की टॅक्सॉल पेशीतल्या मायक्रोट्यूब्यूल्सना घट्ट धरून ठेवतं, तेव्हा पुन्हा मागणी आली. आता प्रश्न बदलला होता. अर्धा ग्रॅम शोधाला पुरतो, रुग्णांना किलो लागतात. प्रेपरेटिव्ह क्रोमॅटोग्राफीची खरी परीक्षा इथे. यूच्या सालीत टॅक्सॉलबरोबर सेफॅलोमॅनिन नावाचा भाऊ असतो. सगळा सांगाडा तोच. साखळीच्या टोकाला टॅक्सॉलमध्ये बेंझॉइल, याच्यात टिग्लॉइल. आपल्याकडच्या जिनिंगमध्ये सरकी आणि रुई सुटते, कारण त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. इथे रुईतून रुई सोडवायची होती. साध्या सिलिकावर दोघे जवळजवळ जोडीनेच उतरतात. मग कोणी फिनाइल भरावाचे कॉलम वापरले, कोणी सेफॅलोमॅनिनच्या दुहेरी बंधावर रासायनिक क्रिया करून त्यालाच बदलून टाकलं, म्हणजे तो आपोआप दूर उतरेल. मला ही दुसरी युक्ती फार आवडते. वेगळं होत नसेल तर शत्रूचं रूप बदला.

हे तुमच्या कामाला कसं लागतं ते आकड्यांत सांगते. एनएमआर, मास आणि दोन-तीन जैवचाचण्या धरून २० मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ हवाय, आणि झाडात तो ०.००४ टक्के आहे. एकही कण वाया गेला नाही तरी अर्धा किलो वाळलेला माल लागेल. सगळे टप्पे मिळून ४० टक्के हाती आलं तर सव्वा किलो. हर्बेरियम शीट लावण्यापुरती फांदी आणून प्रबंध होत नाही. तसंच कॉलमचं. ४.६ मिमीच्या कॉलमवरून २१.२ मिमीच्या कॉलमवर गेलं की क्षेत्रफळ साधारण २१ पट होतं. मिनिटाला १ मिली वाहणारं सॉल्व्हेंट आता २१ मिली. अर्ध्या तासाचा एक रन म्हणजे ६३० मिली, आणि त्यातलं पाणी तुम्हालाच उडवायचंय. त्यात टीएफए असेल तर रोटावर अ‍ॅसिटोनायट्राइल आधी जातं आणि उरलेल्या थोड्या पाण्यात आम्ल दाट होत जातं. रेणू नाजूक असेल तर कॉलममधून नीट आलेला माल फ्लास्कमध्ये मरतो. म्हणून आधी साधी सिलिका, टीएलसी, शक्य तेवढी स्वस्त साफसफाई. प्रेप शेवटच्या गुंत्यासाठी राखून ठेवायचं.

प्रत्येक टप्प्यावर वजन करा आणि प्रत्येक टप्प्यावर चाचणी करा. फ्रॅक्शन्सच्या वजनांची बेरीज मूळ वजनाच्या खूप खाली गेली तर माल कॉलममध्ये अडकलाय. बेरीज जुळतेय पण सगळ्या फ्रॅक्शन्समधला गुण मिळूनही मूळ अर्काइतका होत नाही, तर एकतर रेणू मोडलाय, नाहीतर दोन पदार्थ मिळून काम करत होते आणि तुम्ही त्यांना वेगळं केलंत. हे फक्त वहीतल्या त्या दोन रकान्यांवरून कळतं, क्रोमॅटोग्रामवरून नाही.

टॅक्सॉलला अमेरिकेत १९९२ च्या डिसेंबरमध्ये ओव्हरीच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. साल काढली की यूचं झाड मरतं, म्हणून पुढे युरोपातल्या यूच्या पानांतून सांगाडा काढून साखळी प्रयोगशाळेत जोडायची पद्धत आली. पानं दरवर्षी फुटतात. कॅम्प्टोथेसिनचं औषध मात्र आधी फसलं, चाचण्या १९७० च्या दशकात थांबल्या, आणि त्याची दोन रूपं, टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन, अमेरिकेत १९९६ मध्ये बाजारात आली. वाणी २०२० मध्ये वारले.

कॅम्प्टोथेसिनचा एक धागा सह्याद्रीत येतो. गोरेगावच्या सीबा रिसर्च सेंटरमध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये तोच रेणू आपल्या घाटातल्या नरक्या या झाडातून वेगळा केला. तेव्हा त्याचं शास्त्रीय नाव मॅपिया फिटिडा होतं, आता नोथापोडायटिस निम्मोनियाना. तिथे त्याचं प्रमाण मूळच्या चिनी झाडापेक्षा बरंच जास्त निघालं. परिणाम असा की घाटात नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. आज हे झाड विषय म्हणून घ्यायचं असेल तर माल गोळा करण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी घ्या, आणि आधी पानं, फळं, बिया तपासून बघा. खोडाचा नंबर सगळ्यात शेवटी.