निराश्रितांचें व्यसन व वरोऱ्याचा धडा

ज्युबिलीच्या या आनंदाच्या प्रसंगीं गांवच्या इतिहासांतील एक दुःखाचें पान आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, याचा त्यांनीं राग मानूं नये. स्टेशनाच्या आडोशास दारूच्या गुंगींत पडलेला बेघर माणूस आपण सर्वांनींच पाहिला आहे. त्याच्याकरितां आजवर काय झालें?

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ सालीं दारूबंदी झाली. चंद्रपूर जिल्ह्यांतील स्त्रियांनीं २०१० सालीं चिमूरहून नागपुरापर्यंत पायीं मोर्चा नेला, आणि १ एप्रिल २०१५ पासून येथेंही बंदी आली. २०२१ सालीं सरकारनें ती उठविली. चोरटी दारू वाढल्याचें कारण देण्यांत आलें. स्त्रियांचें गाऱ्हाणें खरें होतें, तसें चोरट्या दारूचें भयही खरें होतें. २०१५ च्या जून महिन्यांत मुंबईस मालवणी येथें विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें दगावलीं. मात्र कायदा दुकान बंद करूं शकतो. ज्यास घर नाहीं त्यास तो घर देऊं शकत नाहीं.

शिवाय जुन्या मद्यप्याची दारू एकाएकीं तुटली तर हातपाय कांपतात, झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगीं प्राणही जातो. घर असलेल्याच्या उशाशीं कोणी तरी जागत बसतें. रस्त्यावरच्याजवळ कोण बसणार?

याचें उत्तर आमच्या वेशीबाहेरच आहे. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असतां बाबा आमटे यांनीं पावसांत गटाराशेजारीं पडलेला महारोगी पाहिला. प्रथम ते भिऊन निघून गेले. मग परत आले. १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापन झाली, आणि १९५१ सालीं सहा रोगी, एक लंगडी गाय व १४ रुपये एवढ्यावर आनंदवन सुरू झालें. तेथें रोग्यास आधीं निवारा व काम मिळालें. 'बरा होऊन ये' अशी अट नव्हती. व्यसन हाही रोगच, हें जाणून फादर जो परेरा यांनीं १९८१ सालीं वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्यें कृपा फाउंडेशनचें कार्य आरंभिलें.

म्हणून आम्हांस एवढेंच सुचवावयाचें आहे. असा माणूस शुद्धीवर असल्यास त्यास पाणी, अन्न व कोरडी जागा द्यावी. शुद्ध नसल्यास कुशीवर निजवावें, तोंडांत कांहीं घालूं नये, व दवाखान्यांत न्यावें. अंग थरथरूं लागल्यासही तसेंच करावें. 'आधीं दारू सोड, मग ये' हा उंबरठा त्यास ओलांडवत नाहीं. तो आपणच ओलांडून बाहेर गेलें पाहिजे.