पीळ टिकतो कधी? ताडदेवच्या सुतापासून नॅनोतारेपर्यंत

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवच्या कापडगिरणीची कंपनी काढली. १८५६ मध्ये गिरणी सुरू झाली. पुढे परळ-लालबागपर्यंत गिरण्या पसरल्या आणि पिळाचं गणित हजारो हातांत गेलं. पीळ कमी पडला तर तंतू एकमेकांवरून घसरतात, सूत तुटतं. पीळ वाढला की तंतू दाबले जातात, घर्षण वाढतं, ताकद येते. हद्दीबाहेर पिळलं तर तंतू तिरपे पडतात, ताकद उतरते. ताण सैल होताच सूत स्वतःभोवतीच गुंडाळतं.

आता आपली नॅनोतार घ्या. १९५३ मध्ये एशेल्बी यांनी दाखवलं, की बारीक स्फटिक-तारेच्या अक्षावर मळसूत्री दोष असेल, तर ती कुणी न पिळताच पिळलेली राहते. २००८ मध्ये लेड सल्फाइडच्या नॅनोतारांत हे प्रत्यक्ष दिसलं. कार्बनची नॅनोनळी मात्र पोकळ. १९९६ मध्ये याकोब्सन आणि सहकाऱ्यांच्या गणनेत, मर्यादेपुढे पिळल्यावर ती चपटी झाली.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये नुसतं 'रचना स्थिर आहे' असं लिहू नका. टोकं धरलीत की सोडलीत, तेही सांगा. सुताचं टोक सोडलं की पीळ उलगडू लागतो. एशेल्बींच्या तारेचा उलगडत नाही, कारण तिची किमान ऊर्जा पिळलेल्या अवस्थेतच असते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, मग गिरण्या बंद पडत गेल्या. कताईतले कामगार आता म्हातारे झालेत. तुमच्या चाळीत कुणी असतील, तर सिम्युलेशन लावण्याआधी त्यांच्याशी बोला.