आयोग कोणाचा आणि साक्ष कोणाची? सायमन कमिशन आणि बाबासाहेब

दरवर्षी कोणीतरी उठतो आणि बाबासाहेबांवर तोच जुना आरोप करतो. सारा देश 'सायमन परत जा' म्हणत होता, तेव्हा आंबेडकर सायमनपुढे साक्ष द्यायला गेले, म्हणजे ते इंग्रजांचे हस्तक! आपली तरुण पोरे हा आरोप ऐकून चिडतात, शिव्या देतात आणि वाद तिथेच संपतो. आम्हांला वाटते, चिडण्याआधी तो इतिहास नीट वाचला पाहिजे. त्या वर्षभरात बाबासाहेबांनी जे केले, त्यात आज आपल्याला हवा असलेला एक मोठा धडा आहे.

आधी घटना पाहू. 1919 च्या कायद्यातच तरतूद होती, की दहा वर्षांनी एक आयोग नेमून हिंदुस्थानच्या राज्यघटनेचे पुढे काय करायचे ते ठरवावे. ब्रिटिश सरकारने तो आयोग दोन वर्षे आधीच, नोव्हेंबर 1927 मध्ये जाहीर केला. सर जॉन सायमन अध्यक्ष, एकूण सात सदस्य, सातही ब्रिटिश संसदेतले गोरे. ज्या देशाचे भवितव्य ठरायचे, त्या देशाचा एकही माणूस त्यात नव्हता. 3 फेब्रुवारी 1928 ला आयोग मुंबईत उतरला आणि काळे झेंडे फडकले. लाहोरला निदर्शनांत लाला लजपतराय यांच्यावर लाठ्या पडल्या आणि काही दिवसांतच त्यांचे निधन झाले. बहिष्कार टाकणाऱ्यांचा मुद्दा चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. 'आमच्याविषयीचा निर्णय आमच्याशिवाय का?' हा प्रश्न रास्तच होता.

पण हाच प्रश्न थोडा पुढे न्या. 1927 साल आपल्यासाठी कोणते होते? 20 मार्चला महाडचे चवदार तळे आणि 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन. आयोगाची घोषणा या दोन घटनांच्या मधली. तळ्याच्या पाण्याला हात लावला म्हणून ज्यांची डोकी फुटली, त्यांनी कोणाच्या भरवशावर घरी बसायचे होते?

कोणी म्हणेल, आपल्याच लोकांच्या भरवशावर. ठीक आहे, तेही तपासू. सायमनला उत्तर म्हणून सर्वपक्षीय परिषदेने मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऑगस्ट 1928 मध्ये तिचा अहवाल आला. हा हिंदी लोकांनी हिंदी लोकांसाठी केलेला घटनेचा मसुदा. त्या समितीत मुस्लिम होते, शीख होते, ब्राह्मणेतरांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी होते. अस्पृश्य एकही नव्हता. अहवालात प्रौढ मताधिकाराची शिफारस होती, हे मान्य केलेच पाहिजे. पण अस्पृश्यांसाठी राखीव जागा मात्र नाकारल्या होत्या. मूलभूत हक्कांची घोषणा होईल, शिक्षण वाढेल, मग सगळे आपोआप सुटेल, असा एकूण सूर होता.

म्हणजे गोऱ्यांच्या आयोगात हिंदी माणूस नव्हता आणि हिंदी माणसांच्या समितीत आपला माणूस नव्हता. पहिल्या गोष्टीचा संताप इतिहासाच्या पुस्तकात आहे. दुसऱ्या गोष्टीचा संताप कुठे आहे?

आता बाबासाहेबांनी काय केले ते पाहू. 29 मे 1928 रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने आयोगाला निवेदन दिले. त्यात दयेची याचना नव्हती. मुंबई कायदेमंडळाच्या 140 जागांपैकी 22 जागा, प्रौढ मताधिकार, शिक्षणावरच्या खर्चाची हमी, सैन्यात, आरमारात आणि पोलिसांत भरतीचा हक्क, सरकारी नोकऱ्यांत ठरावीक काळ अग्रक्रम अशा स्पष्ट, मोजता येणाऱ्या मागण्या होत्या. 23 ऑक्टोबर 1928 ला पुण्यात त्यांनी डॉ. सोळंकींसह साक्ष दिली. प्रौढ मताधिकार मिळत असेल तर संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आम्हांला चालतील, तो मिळत नसेल तर स्वतंत्र मतदारसंघ हवेत, असे त्यांनी सरळ सांगितले. यामागचा हिशेब साधा होता. मतदानाचा हक्क जमीन, कर आणि शिक्षण यांवर बेतला, तर आपल्या वस्तीत मतदार उरतोच किती?

त्याच वर्षी कायदेमंडळाने आयोगाबरोबर काम करण्यासाठी जी प्रांतिक समिती निवडली, तिच्यातही बाबासाहेब होते. समितीचा अहवाल तयार झाला तेव्हा त्यांनी त्यावर सही केली नाही. 17 मे 1929 रोजी स्वतःचा वेगळा अहवाल सादर केला. त्यात एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत द्या, अशी मागणी होती. हस्तक माणूस मालकाने नेमलेल्या कामात भिन्न मतपत्रिका लिहीत नसतो.

आणि सायमनने काय दिले? 1930 च्या अहवालात अस्पृश्यांसाठी राखीव जागांची शिफारस केली खरी, पण उमेदवार लायक आहे की नाही याचा दाखला गव्हर्नरने द्यायचा! प्रौढ मताधिकारही नाकारला. बाबासाहेब त्यावर गप्प बसले नाहीत. ऑगस्ट 1930 मध्ये नागपूरच्या परिषदेत त्यांनी आपल्या लोकांना बजावले, की इंग्रज सरकारने तुमची अस्पृश्यता दूर केलेली नाही आणि स्वराज्याच्या घटनेतच तुमच्या हाती सत्ता येण्याची शक्यता आहे. तिथून पुढे गोलमेज परिषद, पुणे करार आणि शेवटी घटना समिती. 1928 ला सात गोऱ्यांपुढे मागितलेला प्रौढ मताधिकार 1950 च्या राज्यघटनेत कलम 326 म्हणून आला.

आता आजचे बोलू. 2000 साली केंद्र सरकारने न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखाली राज्यघटनेच्या कामकाजाचा आढावा घेणारा आयोग नेमला होता. तेव्हाचे राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी त्याच सुमारास विचारले होते, की घटना अपयशी ठरली की आपण घटनेला अपयशी ठरवले? घटनेच्या मूलभूत चौकटीला धक्का न लावता आढावा घ्यायचा, ही मर्यादा त्या आयोगाला होती. पुढच्या आयोगाला ती असेलच, याची खात्री कोण देणार?

म्हणून आयोग 'स्वतंत्र' आहे असे कोणी सांगितले की आपण तीन प्रश्न विचारायचे. नेमला कोणी? बसलेत कोण? आणि ऐकणार कोणाचे? उत्तरे वाईट आली तर निषेध जरूर करायचा, पण निषेध करून घरी जायचे नाही. काळा झेंडा एका हातात असेल तर दुसऱ्या हातात निवेदन हवे, त्यात आकडे हवेत, आणि अहवाल पटला नाही तर स्वतःचा वेगळा अहवाल लिहिण्याची तयारी हवी.

आमचा आग्रह एवढाच आहे, की प्रत्येक तालुक्यातल्या अभ्यास मंडळाने 1928 चे ते निवेदन आणि ती साक्ष एकदा मोठ्याने वाचावी. प्रश्न विचारणारे सात जण कोण होते हे आज फारसे कोणाला आठवत नाही. उत्तर देणारा माणूस साऱ्या देशाला ठाऊक आहे.

जय भीम!