पाच डॉलरचं रिव्हॉल्व्हर

जून १८८१. वॉशिंग्टनमधल्या एका दुकानात चाळिशीला टेकलेला एक माणूस रिव्हॉल्व्हर बघायला आलाय. खिशात पंधरा डॉलर आहेत, तेही उसने. हत्यार चालवण्याचा अनुभव जवळपास शून्य. त्याला आवडलेलं रिव्हॉल्व्हर 'बुलडॉग' जातीचं आहे: आखूड नळी, मोठं बोअर, कोटाच्या खिशात मावेल असं. यंत्र तेच, पण मुठी दोन प्रकारच्या. एक लाकडाची, एक हस्तिदंती. हस्तिदंतीला एक डॉलर जास्त. आणि याचा जीव हस्तिदंतीवर जडलाय, कारण उद्या हे रिव्हॉल्व्हर संग्रहालयात ठेवलं जाईल तेव्हा ते छान दिसायला हवं! बरीच घासाघीस होते. शेवटी रिव्हॉल्व्हर, काडतुसांचा डबा आणि एक खिशातला चाकू असं सगळं मिळून दहा डॉलरला सौदा ठरतो.

मग तो नदीकाठी जाऊन नेमबाजीचा थोडा सराव करतो, आणि २ जुलैला रेल्वे स्टेशनवर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर मागून गोळ्या झाडतो. गारफिल्ड अडीच महिन्यांनी, १९ सप्टेंबरला गेले. हा माणूस म्हणजे चार्ल्स गिटो.

गिटो वेडसर होता आणि त्याचं गिऱ्हाईकपण अपवादात्मक होतं, हे मान्य. पण त्याच्या खरेदीतले प्रश्न मात्र त्या काळी हजारो साध्या माणसांना पडत होते. खिशात किती आहेत, तेवढ्यात काय येतं, ते ऐनवेळी चालेल का, आणि एक डॉलर जास्त टाकला तर काय जास्त मिळेल. पहिली सेकंडहँड बाईक घेताना आपण हेच करतो. फरक इतकाच की या वस्तूच्या किमतीत आणखीही कुणाकुणाचा रस होता. कारखानदारांचा तर होताच, पण सरकारचाही.

स्वस्त रिव्हॉल्व्हरची गोष्ट एका पेटंटपासून सुरू होते. सॅम्युअल कोल्टला त्याच्या रिव्हॉल्व्हरचं अमेरिकी पेटंट १८३६ मध्ये मिळालं. पण ती सुरुवातीची रिव्हॉल्व्हर भरणं म्हणजे उद्योग होता: प्रत्येक घरात पुढून दारू घाला, गोळी ठासा, मागे टोपी बसवा. तयार धातूचं काडतूस मागून सरकवता यावं यासाठी सिलिंडरला आरपार भोकं हवीत, हे पेटंट १८५५ मध्ये रॉलिन व्हाइट नावाच्या माणसाने घेतलं आणि स्मिथ अँड वेसन कंपनीला वापरायला दिलं. मोबदला: दर रिव्हॉल्व्हरमागे पंचवीस सेंट. म्हणजे १८६९ मध्ये पेटंटची मुदत संपेपर्यंत अमेरिकेत आधुनिक काडतुसी रिव्हॉल्व्हर कायदेशीरपणे बनवायचा हक्क जवळपास एका घराकडे होता. नकला करणाऱ्यांना व्हाइट कोर्टात खेचत राहिला.

१८६९ उजाडलं आणि बांध फुटला. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरसारख्या गावांत ज्याच्याकडे लेथ आणि ओतीव लोखंड होतं तो रिव्हॉल्व्हर बनवायला लागला. आयव्हर जॉन्सन हा नॉर्वेहून आलेला कारागीर आणि हॅरिंग्टन-रिचर्डसन ही जोडी, दोघांचेही कारखाने १८७० च्या दशकात याच वूस्टरमध्ये सुरू झाले. त्यांच्यापेक्षा खालच्या थरात निनावी कारखान्यांची खेळण्यासारखी रिव्हॉल्व्हर होती. नावं भारदस्त, पोलाद बेताचं, निकेलचा मुलामा चकचकीत. पुढे संग्राहकांनी या सगळ्या जातीला 'सुइसाइड स्पेशल' असं नाव ठेवलं. शतक संपता संपता मेल-ऑर्डरच्या जाडजूड कॅटलॉगांमध्ये अशी रिव्हॉल्व्हर दोन डॉलरच्या आतबाहेर मिळत होती. साध्या मजुराची दिवसाची कमाई तेव्हा साधारण दीड डॉलर. कोल्टचं मोठं, लष्करी घडणीचं रिव्हॉल्व्हर घ्यायचं तर दहा-अकरा दिवसांची मजुरी जायची.

इथे थोडं यंत्राकडे बघू, कारण स्वस्त आणि महाग यांतला खरा फरक मुठीत नसतो, आत असतो.

जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा म्हणजे एक छोटी हातोडी. तिच्या तोंडाला टोक. चाप ओढला की ती काडतुसाच्या बुडावर आपटते आणि बार उडतो. अडचण अशी की चाप न ओढताही हे टोक अनेकदा काडतुसाच्या बुडावर टेकूनच असायचं. रिव्हॉल्व्हर खिशातून निसटून घोड्यावर पडलं, तर गोळी सुटणार. ती कुठे जाईल याचा नेम नाही, पण सगळ्यात जवळ असतो मालकच. म्हणून जाणती माणसं सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसं भरत आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवत. पण पहिलंच रिव्हॉल्व्हर घेतलेल्या माणसाला हे कोण सांगणार? कॅटलॉगमधून आलेल्या पार्सलात सोबत जाणता काका येत नाही.

यावर सुंदर उत्तर शोधलं ते स्वस्त मालवाल्यानेच, आणि मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मजेशीर गोष्ट वाटते. आयव्हर जॉन्सन कंपनीने १८९४ च्या सुमारास 'सेफ्टी ऑटोमॅटिक' नावाचं रिव्हॉल्व्हर आणलं. (यातलं 'ऑटोमॅटिक' फसवं आहे. नळी खाली मोडून रिव्हॉल्व्हर उघडलं की रिकामी काडतुसं आपोआप बाहेर पडत, एवढाच त्याचा अर्थ.) यात टोक घोड्यापासून वेगळं करून सांगाड्यात बसवलं होतं, आणि एरवी घोडा त्या टोकापर्यंत पोचतच नसे. चाप पूर्ण ओढला तरच एक पट्टी वर सरकून दोघांच्या मधे येई. मग घोडा पट्टीवर, पट्टी टोकावर, टोक काडतुसावर. चापावर बोट नाही तर पट्टी खाली, आणि पट्टी खाली तर बार नाही. जाहिरातीत कंपनी सांगायची की आमच्या घोड्यावर खुशाल हातोडा मारून बघा. किंमत पाच-सहा डॉलर. रूगरसारख्या नामांकित कंपनीने हीच पट्टीची युक्ती आपल्या काऊबॉय छापाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आणली ती १९७३ मध्ये.

पण याच कंपनीची विसाव्या शतकाच्या सुरुवातीची एक जाहिरात बघून अंगावर काटा येतो. रात्रीच्या झग्यातली एक चिमुरडी पलंगावर बसली आहे, जवळ बाहुली आहे आणि हातात रिव्हॉल्व्हर. खाली मजकूर, की बाबा म्हणतात याने आपल्याला काही होणार नाही. आता आधीचा परिच्छेद आठवा. पट्टी संरक्षण देते ते पडण्यापासून, आपटण्यापासून. त्या मुलीने चाप ओढला असता, तर पट्टीने इमानेइतबारे आपलं काम केलं असतं आणि गोळी सुटली असती.

मुलांच्या हाताचा विचार केलेलं रिव्हॉल्व्हर बाजारात होतं. स्मिथ अँड वेसनने १८८७ मध्ये ते आणलं. मुठीच्या मागे एक दाबपट्टी, ती घट्ट आवळल्याशिवाय चाप हलत नाही. लहान मुलाच्या पंजात तेवढी ताकद नसते, असा कंपनीचा दावा. पण किंमत आयव्हर जॉन्सनच्या दुपटीच्या घरात. म्हणजे बेताच्या पैशात बापाची सुरक्षितता विकत मिळत होती. मुलीचीही हवी असेल तर आणखी पाच-सहा डॉलर.

सप्टेंबर १९०१ मध्ये लिऑन चोल्गोश नावाच्या तरुणाने बफेलो शहरातल्या दुकानातून .३२ बोअरचं आयव्हर जॉन्सन साडेचार डॉलरला घेतलं. एकेकाळी तारेच्या कारखान्यात राबलेला, आता अराजकवादी. ६ तारखेला तिथल्या प्रदर्शनात राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली लोकांशी हस्तांदोलन करत होते. चोल्गोश हाताला रुमाल गुंडाळून रांगेत उभा राहिला. रुमालाआडून दोन गोळ्या. आठ दिवसांनी मॅकिन्ली वारले. त्याच्या आदल्या वर्षी इटलीचा राजा उंबेर्तो याला मारणारा ब्रेशी हा अमेरिकेतल्या पॅटरसन गावात राहणारा विणकर, आणि त्याच्या हातात होतं हॅरिंग्टन-रिचर्डसन. हे पॅटरसन म्हणजे जिथे कोल्टचा पहिला कारखाना उघडला आणि बुडाला तेच गाव.

अशा घटनांनंतर 'स्वस्त हत्यारांवर बंदी घाला' हे वाक्य येतंच, आणि ते ऐकायला शहाणपणाचंही वाटतं. पण ते पहिल्यांदा कुणासाठी वापरलं गेलं हे बघायला दक्षिणेत, टेनेसी राज्यात जावं लागतं.

यादवी युद्ध संपलं, गुलामी गेली, आणि दक्षिणेतले काळे लोक कागदावर का होईना नागरिक झाले. नागरिक म्हटल्यावर हत्यार बाळगायचा हक्क आला. काळ्यांना तो नाही, असा उघड कायदा आता करता येईना. टेनेसीने १८७९ मध्ये वेगळी वाट काढली. खिशातली आणि पट्ट्यातली सगळी पिस्तुलं-रिव्हॉल्व्हर विकायला बंदी, फक्त लष्कर आणि नौदलाच्या घडणीची मोठी रिव्हॉल्व्हर सोडून. कायद्यात रंगाचा उल्लेख नाही. पण ही लष्करी रिव्हॉल्व्हर महाग, आणि युद्धातून परतलेल्या गोऱ्या सैनिकांच्या घरी ती आधीपासूनच होती. दोन-तीन डॉलरचं रिव्हॉल्व्हर ज्याला परवडायचं, नेमका तोच बाहेर. १८८१ मध्ये शेजारच्या आर्कान्सासनेही हाच कित्ता गिरवला.

याच टेनेसीतल्या मेम्फिसमध्ये मार्च १८९२ मध्ये टॉमस मॉस आणि त्याचे दोन साथीदार यांना जमावाने तुरुंगातून ओढून नेऊन गोळ्या घातल्या. त्यांचा गुन्हा, त्यांचं किराणा दुकान गोऱ्या दुकानदारापेक्षा चांगलं चालत होतं. मॉस हा पत्रकार आयडा बी. वेल्सचा जवळचा मित्र. तिने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की या खुनानंतर तिने लगेच पिस्तूल विकत घेतलं. तिच्या दृष्टीने ते दागिना नव्हतं, संग्रहालयात जायची वस्तू तर नव्हतीच. काही आठवड्यांनी तिच्या वर्तमानपत्राची कचेरी जमावाने उद्ध्वस्त केली. ती तेव्हा गावाबाहेर होती म्हणून वाचली आणि पुन्हा मेम्फिसला राहायला गेली नाही.

टेनेसीच्या एकच वर्ष आधी, १८७८ मध्ये, आपल्याकडे लॉर्ड लिटनच्या राजवटीत हत्यारबंदीचा कायदा आला. तिथे आडपडदा नव्हता. भारतीयाला परवाना हवा, युरोपियनाला नियमांखाली सूट. टेनेसीला जे किमतीच्या आडून करावं लागलं, ते इंग्रजांनी इथे कातडीच्या रंगावर सरळ करून टाकलं.

अमेरिकेत पुढे टपालाचा मुद्दा आला. १९२७ मध्ये लपवता येण्याजोगी हत्यारं सरकारी टपालाने पाठवायला बंदी झाली, पण खासगी पार्सल कंपन्या मोकळ्या राहिल्या. त्यामुळे १९६३ मध्ये ली हार्वी ऑस्वाल्डला जुनं लष्करी स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर खोट्या नावाने कॅटलॉगमधून मागवता आलं: दहा डॉलर आगाऊ, उरलेले १९ डॉलर ९५ सेंट माल हाती आल्यावर. कॅश ऑन डिलिव्हरी. केनेडींवर त्याने रायफल चालवली. हे रिव्हॉल्व्हर चालवलं ते त्यानंतर त्याला अडवणाऱ्या पोलिसावर. १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडींना मारणाऱ्या सिरहानच्या हातात .२२ बोअरचं आयव्हर जॉन्सन होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोठा कायदा आला. परराज्यातून घरपोच हत्यार बंद, आणि परदेशी स्वस्त रिव्हॉल्व्हरला आयातबंदी. या स्वस्त जातीचं तेव्हाचं नाव 'सॅटर्डे नाइट स्पेशल'.

जर्मनीच्या रोम कंपनीने यातून पळवाट काढली. अख्खं रिव्हॉल्व्हर आणता येत नाही ना? मग सुटे भाग आणू आणि मायामीत जोडू. अशा जोडलेल्या .२२ च्या रिव्हॉल्व्हरमधून १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते डॅलसच्या एका गहाणवट दुकानातून पन्नासेक डॉलरला घेतलेलं होतं. काही राज्यांनी तर स्वस्तपणाची व्याख्या तापमानात केली. साउथ कॅरोलायनात ८०० अंश फॅरनहाइटच्या आत वितळणाऱ्या धातूचं हत्यार विकता येईना. मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये आणखी पुढे जाऊन ठरवलं की अशा रिव्हॉल्व्हरने गुन्हा झाला तर बनवणाराही भरपाईला जबाबदार. तीन वर्षांत विधिमंडळाने तो निर्णय उलटवला आणि त्याऐवजी विकायला चालतील अशा हत्यारांची यादी करणारं मंडळ नेमलं.

या कायद्यांकडे बघताना माझं मन एका बाजूला ठरत नाही. ठिसूळ धातूचं, पडल्यावर उडणारं रिव्हॉल्व्हर बाजारात नसावं, यात वाद काय? पण टेनेसीनंतर 'स्वस्त हत्यार' हे शब्द कुणी वापरले की बोलणारा हत्याराबद्दल बोलतोय की ते घेणाऱ्याबद्दल, हे तपासून घ्यावंसं वाटतं. आपल्याकडे २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' हे .३२ बोअरचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं. दिल्लीतल्या निर्भयाच्या नावावरून नाव. किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये, परवान्याची खटपट वेगळी. रात्री बसने घरी जाणाऱ्या मुलीच्या किती महिन्यांच्या पगाराचा हा आकडा होता, याचं गणित तेव्हाही अनेकांनी मांडलं होतं.

चोल्गोशचं साडेचार डॉलरचं आयव्हर जॉन्सन आज बफेलोच्या इतिहास संग्रहालयात आहे. गिटोचं बुलडॉगही खटल्यानंतर स्मिथसोनियन संग्रहालयाकडे गेलं होतं. तिथून ते हरवलं. त्याचा एक फोटो तेवढा शिल्लक आहे.