रणगाड्यांच्या प्रतिकृती : रंगकाम व रूपांतर

प्रत्यक्ष युद्धात वापरल्या गेलेल्या रणगाड्याचे ठरावीक प्रमाणात लहान केलेले रूप म्हणजे रणगाड्याची प्रतिकृती. कारखान्यात तयार झालेल्या सुट्या भागांच्या संचातून ती जोडता येते. तथापि जोडणी हा या छंदाचा सोपा भाग होय. जोडलेल्या प्रतिकृतीत फेरफार करून व तिला रंग देऊन एखादा विशिष्ट रणगाडा, म्हणजे अमुक पलटणीचा, अमुक महिन्यातील व अमुक रणभूमीवरील रणगाडा, उभा करणे हे त्याचे मुख्य अंग आहे. त्यासाठी लागणारी चिकित्सा इतिहासकाराच्या चिकित्सेहून फारशी वेगळी नसते.

रणगाडा कसा रंगवावा हा प्रश्न रणगाड्याइतकाच जुना आहे. १९१६ मध्ये ब्रिटिशांनी पहिले रणगाडे तयार केले, तेव्हा ते शत्रूच्या नजरेस पडू नयेत म्हणून सॉलोमन जोसेफ सॉलोमन या चित्रकाराकडे त्यांचे रंगकाम सोपविण्यात आले. त्याने त्यांवर अनेक रंगांचे मोठे पट्टे व डाग चितारले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी हे रणगाडे फ्रान्समध्ये प्रथम लढाईत उतरले. थोड्याच दिवसांत चिखलाने सारे रंग झाकून टाकलेले दिसले आणि पुढे एकच तपकिरी रंग देण्याची पद्धत पडली. चित्रकाराच्या रंगावर चिखलाने केलेली ही मात प्रतिकृतिकारांना आजही सतावते.

प्लॅस्टिकचे संच प्रचारात येण्यापूर्वी हौशी लोक लाकूड, पुठ्ठा व पत्रा यांपासून प्रतिकृती घडवीत. १९६० नंतर ब्रिटनमधील एअरफिक्स कंपनीचे १ : ७६ प्रमाणातील स्वस्त संच लोकप्रिय झाले. या क्षेत्राला कलाटणी मात्र जपानमधील शिझुओका येथील तामिया या कंपनीने दिली. मूळची लाकूड कापणारी ही कंपनी आगीत नुकसान झाल्यावर लाकडी खेळण्यांकडे व तेथून प्लॅस्टिककडे वळली होती. १९६१-६२ च्या सुमारास तिने जर्मन पँथर रणगाड्याचा चालता संच बाजारात आणला. आत विद्युत् चलित्र व विजेऱ्या मावाव्यात एवढे त्याचे आकारमान ठेवले होते. पुढे मोजल्यावर ते प्रमाण १ : ३५ च्या जवळपास भरले आणि तेच जगभर रूढ झाले. एका जागतिक मानकाचा उगम विजेरीच्या जाडीत असावा, ही गोष्ट गमतीची खरी. शुन्साकु तामिया (१९३४–२०२५) यांनी १९६६ मध्ये अमेरिकेतील ॲबर्डीन येथील शस्त्रसंग्रहालयात जाऊन रणगाड्यांची बारकाईने छायाचित्रे घेतली. तेव्हापासून खेळण्याचे रूपांतर अभ्यासाच्या साधनात होऊ लागले.

बाजारात मोजकेच संच होते, त्या काळात रूपांतराला पर्याय नव्हता. अमेरिकन शर्मन रणगाड्यावर लांब नळीची ब्रिटिश १७ पौंडी तोफ बसवून ‘फायरफ्लाय’ करावयाचा, तर मूळ बुरूज कापावा लागे व त्याच्या मागील बाजूस पेटी जोडावी लागे. संचातील भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीस चिकटलेले असतात, तिचा तुकडा मेणबत्तीवर तापवून ताणला की केसासारखी तार निघते. तिचा बिनतारी यंत्राच्या काठीसाठी उपयोग करीत. पुढे रेझिनचे ओतीव भाग व आम्लाने कोरलेल्या पितळी पत्र्याचे भाग विकत मिळू लागले.

रूपांतरात कालविपर्यास सहज होतो. चुंबकीय सुरुंग चिकटू नयेत म्हणून जर्मनांनी रणगाड्यांवर ‘त्सिमेरिट’ नावाचा खरबरीत लेप दिला होता. बेरियम सल्फेट, लाकडाचा भुसा इत्यादींचा हा लेप कारखान्यांतून डिसेंबर १९४३ च्या सुमारास सर्रास दिला जाऊ लागला व सप्टेंबर १९४४ मध्ये बंद झाला. प्रतिकृतीवर तो लांबी पसरून व तीवर दातेरी पत्ती ओढून दाखवितात. परंतु जुलै १९४३ मधील कुर्स्कच्या लढाईतील टायगरवर असा लेप दाखविला, तर कारागिरी कितीही सुबक असली तरी ती प्रतिकृती खोटी ठरते.

रंगाच्या बाबतीत पुरावा अधिक निसरडा आहे. दुसऱ्या महायुद्धातील बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल असल्याने पोलंड व फ्रान्सवर चालून गेलेले जर्मन रणगाडे केवळ गडद करडे होते, असे अनेक वर्षे मानले गेले. वस्तुतः १९३७ च्या आदेशानुसार करड्या रंगावर गडद तपकिरी पट्टे देण्यात येत आणि जुलै १९४० मध्ये केवळ करडा रंग वापरण्याचा हुकूम निघाला. हे दोन्ही रंग छायाचित्रांत जवळजवळ एकाच छटेचे उमटत असल्यामुळे पट्टे दिसूनही दिसत नव्हते. टॉमस जेंट्झ व हिलरी डॉइल या संशोधकांनी मूळ आदेश प्रकाशात आणल्यावर हा समज दूर झाला आणि असंख्य प्रतिकृती एका फटक्यात चुकीच्या ठरल्या. फेब्रुवारी १९४३ पासून गडद पिवळा हा मूळ रंग झाला. त्यावर देण्याचे हिरवा व तांबूस तपकिरी हे रंग डब्यांतून घट्ट लगद्याच्या रूपात पलटणींना मिळत. शिपाई तो लगदा पेट्रोलमध्ये किंवा ते नसल्यास पाण्यात कालवीत; त्यामुळे दोन रणगाड्यांची छटा क्वचितच जुळे. म्हणून एकाच ‘अधिकृत’ छटेचा आग्रह धरणे इतिहासाला धरून नाही.

मूळ रंग प्रतिकृतीवर थोडा फिकट करून द्यावा, असाही एक संकेत आहे. त्याचे समर्थन दुरून पाहताना हवेमुळे रंग फिकट दिसतो, असे करतात. ३० सेंमी. वरून पाहिलेली १ : ३५ ची प्रतिकृती ही साडेदहा मी. वरून पाहिलेल्या रणगाड्याइतकी दिसते आणि एवढ्या अंतरात हवेचा परिणाम नगण्य असतो. खरे कारण घरातील मंद प्रकाश हे असावे. उन्हात उभ्या असलेल्या रणगाड्याचा रंग दिव्याखाली काळवंडतो.

जीर्णतेचे चित्रण ही या कलेची दुसरी बाजू होय. अमेरिकेतील शेपर्ड पेन (१९४६–२०१५) यांनी प्रतिकृतीभोवती भूमी, पडकी घरे व माणसे यांचा त्रिमित देखावा रचून प्रसंग सांगण्याची पद्धत लोकप्रिय केली. बेल्जियममधील फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांनी खाचांत गडद रंगाचा पातळ ओघळ सोडणे व उंचवट्यांवर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट रंग घासणे या रीती रूढ केल्या. एकविसाव्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील मिगेल हिमेनेझ व इतर कारागिरांनी कोरड्या रंगपुडी व तैलरंग वापरून धूळ, गंज व तेलाचे डाग दाखविले. केशरचनेच्या फवाऱ्याचा थर मूळ रंगावर मारून वर पांढरा रंग देतात व ओल्या कुंचल्याने तो अंशतः घालवितात. रशियातील हिवाळ्यात रणगाड्यांना दिलेला पांढरा तात्पुरता रंग असाच झिजत व धुपत असे. येथे तंत्र मूळ क्रियेचेच अनुकरण करते. याचा अतिरेकही पुष्कळ आढळतो. युद्धात अनेक रणगाडे काही आठवड्यांतच निकामी होत, तेव्हा त्यांच्या चिलखतावर वर्षानुवर्षांचा गंज चढणे शक्य नव्हते.

या छंदाने उभा केलेला इतिहास एकांगी आहे, हेही नमूद केले पाहिजे. टायगर–१ हा रणगाडा सु. १,३५० इतकाच तयार झाला, शर्मन सु. ४९,००० व सोव्हिएट टी–३४ त्याहूनही अधिक. असे असता संचांच्या बाजारात जर्मन रणगाड्यांचे प्राबल्य आहे. त्यांची विविध रूपे व रंग कारागिरास आकर्षक वाटतात हे खरे. पण ते ज्या राजवटीसाठी लढले तिच्या कृत्यांची दखल अशा देखाव्यांत अभावानेच घेतली जाते.

महाराष्ट्रात अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे १९९४ मध्ये स्थापन झालेले रणगाडा संग्रहालय अभ्यासूंना उपयुक्त आहे. शर्मन, सेंच्युरियन, विजयंता आणि १९६५ च्या युद्धात हस्तगत केलेला पाकिस्तानी पॅटन यांसारखे रणगाडे तेथे जवळून पाहता येतात. पट्ट्यांची जाडी, सांध्यांचे कंगोरे व ओतीव चिलखताचा खडबडीतपणा यांची छायाचित्रांवरून न येणारी कल्पना त्यांवरून येते. त्यांवरील रंग मात्र जतनासाठी नंतर दिलेला असू शकतो. त्यासाठी समकालीन कागदपत्रेच पाहावी लागतात.