घोड्यांना सवलत, माणसांना लाठी!

मटक्याची चिठ्ठी खिशात सापडली की आपल्या वस्तीतल्या पोराला पोलीस उचलतात. कायदा १८८७ चा, मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा. पण त्याच कायद्यातली जुगाराची व्याख्या नीट वाचा. परवाना असलेल्या रेसकोर्सवर, शर्यतीच्या दिवशी, ठरवून दिलेल्या आवारात घोड्यावर लावलेला पैसा तिच्यातून वगळला आहे! ही सूट आभाळातून पडलेली नाही. तिच्यामागे संघटना आहे.

१८०२ मध्ये मुंबईत बॉम्बे टर्फ क्लब स्थापन झाला. तोच आजचा रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब. पुण्याच्या कॅम्पातले रेसकोर्स १८३० चे, जमीन लष्कराची. हिवाळ्यात मुंबईत आणि पावसाळ्यात पुण्यात हाच क्लब शर्यती भरवतो. नियम तोच करतो, जॉकी आणि ट्रेनर यांना परवाने तोच देतो, दंड आणि निलंबनही त्याचेच. म्हणजे या धंद्याचे सरकार आणि न्यायालय दोन्ही क्लबच. त्याची समिती सभासद निवडतात. घोड्याची लीद उचलणाऱ्या सईसाला तिथे मत नाही.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. १९१० मध्ये याच पुण्यातल्या शिवराम जानबा कांबळे यांनी लष्कर आणि पोलिसांतील नोकऱ्यांसाठी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. सरकार ढिम्म. दोनच वर्षांनी, १९१२ मध्ये, रेसकोर्स परवाना कायदा मात्र झाला. परवान्याशिवाय शर्यत भरवणे गुन्हा ठरले आणि परवानाधारक क्लबची जागा पक्की झाली. १९३५ मध्ये क्लबला बादशहाकडून ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. त्याच वर्षी येवल्यात बाबासाहेबांना धर्मांतराची घोषणा करावी लागली.

स्वातंत्र्यानंतर काय बदलले? १९९६ मध्ये मद्रासच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. महालक्ष्मी रेसकोर्सच्या जमिनीचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला, तरी शर्यती थांबल्या नाहीत. २०२४ मध्ये सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर उद्यानासाठी घेऊन ९१ एकर पुन्हा ३० वर्षांसाठी क्लबला देण्याचा निर्णय सरकारने घेतला. झोपडपट्टीला एवढा धीर कधी मिळाला आहे? तिथे नोटीस येते आणि मागोमाग बुलडोझर.

मटका कायदेशीर करा, असे माझे म्हणणे नाही. जुगाराने मजुराचे घर बुडते, मग पैसा घोड्यावर लावा की आकड्यावर. मुद्दा एवढाच की कायदा नीतीकडे पाहून सूट देत नाही, संघटित ताकदीकडे पाहून देतो. मूठभर धनिक संघटित होऊन दोनशे वर्षे सवलती टिकवतात. आपण लाखोंनी असून गटातटांत विखुरलेलो आहोत. बाबासाहेब संघटित व्हा म्हणाले ते कशासाठी, हे रेसकोर्सकडे पाहूनही कळते. त्यांनी सवलत मिळवली, आपल्याला हक्क मिळवायचा आहे.

जय भीम!