शहाजीराजांचे बंगळूर आणि आपली मुले

बंगळूरमधील मराठी घरांत शाळेचा इतिहास-प्रकल्प आला की विषय बहुधा ठरलेला असतो : शहाजीराजे आणि बंगळूर. विषय उचितच आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून हे ठाणे घेतले. त्या मोहिमेत शहाजीराजे होते व पुढे येथील जहागीर त्यांच्याकडे आली. प्रकल्प करण्याची आपली रीत मात्र चिंत्य आहे. पुस्तकातील दोन पाने उतरवून वर एक रंगीत चित्र डकविले म्हणजे इतिहास झाला, असा मुलांचा आणि त्याहून अधिक पालकांचा समज दिसतो.

घटनेच्या काळी निर्माण झालेली साधने ती प्राथमिक. त्यांच्या आधारे मागाहून लिहिलेली ती दुय्यम. दुय्यम म्हणजे हलकी नव्हेत. विद्यार्थ्याने आरंभ त्यांच्यापासूनच करावा. परंतु लेखकाचे विधान कोणत्या मूळ साधनावर उभे आहे, हे टिपून त्या साधनापर्यंत जावे.

मूळ साधनही पारखूनच घ्यावे लागते. जयराम पिंड्ये हा शहाजीराजांच्या दरबारातील कवी. त्याचा ‘राधामाधवविलासचंपू’ इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. दरबाराचे वैभव, तेथील बहुभाषिक कविमंडळ यांविषयी हा ग्रंथ अमोल आहे. पण आश्रित कवीच्या स्तुतीतून वस्तुस्थिती निवडून घेतली पाहिजे. परमानंदाच्या ‘शिवभारता’सही हाच न्याय लागू. सभासदाची बखर तर १६९७ च्या सुमारास, जिंजी येथे लिहिली गेली. शहाजीराजांच्या बंगळूरच्या दिवसांपासून ती अर्ध्या शतकाच्या अंतरावर आहे. राजवाड्यांनी बखरींहून अस्सल कागदपत्रांस अधिक मोल दिले, ते याच कारणास्तव.

अशी पारख शिकण्यास दूर जावयास नको. बनशंकरीहून मेट्रोने संपिगे रोडपर्यंत थेट जाता येते. तेथून मल्लेश्वरमचे काडु मल्लेश्वर मंदिर जवळच आहे. हे मंदिर व्यंकोजीराजांनी बांधले, असे आपण अभिमानाने सांगतो. १६६९ च्या शिलालेखात मात्र एकोजी, म्हणजेच व्यंकोजी, यांनी देवास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याची नोंद आहे. गाव देणे आणि देऊळ बांधणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. दानाचा पुरावा आहे, तेवढेच ठामपणे लिहावे. बांधणीची गोष्ट ‘असे सांगतात’ म्हणून नोंदवावी. त्याने आपला अभिमान उणा होत नाही. उलट त्याच्याखाली दगडाचा पाया येतो.

दुसरे असे की हा लेख कानडीत आहे. भोसले कुळातील अधिपतीने येथील देवास, येथील लोकांच्या भाषेत दान लिहून दिले. तेव्हा आपला इतिहास वाचावयाचा तर आपल्या मुलांना मराठीइतकीच कानडीही यावयास हवी. शेजारच्या कानडी मित्रास सोबत घेऊन केलेला प्रकल्प एकट्याने केलेल्या प्रकल्पाहून सरस ठरेल, याविषयी मला शंका नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आणखी एक विनंती. मंडळाची जुनी इतिवृत्ते, वर्गणीच्या पावत्या, गणेशोत्सवाच्या पत्रिका आणि मागे नावे-तारखा नसलेली छायाचित्रे हीसुद्धा प्राथमिक साधनेच होत. ज्येष्ठ सभासद आपल्यात आहेत तोवर मुलांनी त्यांच्याजवळ बसून त्या छायाचित्रांवर नावे लिहून घ्यावीत. शहाजीराजांच्या काळासाठी शिलालेख तरी आहेत. आपल्या पन्नास वर्षांसाठी ही माणसे आणि हे कागद एवढेच आहेत.